कॅन्टी : बेताच्या ऐपतीत टिकणाऱ्या उल्हासाचा स्कॉट्स शब्द

उत्तरवारा

स्कॉट्स भाषेत ‘कॅन्टी’ असे एक विशेषण आहे. त्यातला पहिला स्वर स्कॉटिश तोंडी ‘अ’ आणि ‘आ’ यांच्या मधला, आखूड असा येतो. शब्दकोश त्याचा अर्थ ‘आनंदी, उत्साही, प्रसन्न’ असा देतात आणि तो बरोबरच आहे. परंतु अठराव्या शतकातील स्कॉटिश कवितेत हा शब्द कोणत्या माणसांना, कोणत्या जागांना आणि कोणत्या दिवसांना लावला गेला हे पाहू लागल्यावर एवढ्या अर्थावर माझे समाधान होत नाही. माझे म्हणणे असे, की कॅन्टी हा बेताच्या ऐपतीच्या, वयाने वाकलेल्या किंवा थंडीने गारठलेल्या माणसांचा उल्हास आहे. वैभवाने येणारा आनंद स्कॉट्समध्ये इतर शब्दांनी सांगितला जातो. हा शब्द मात्र चुलीजवळ, गप्पांत आणि जुन्या सोबतीत भेटतो. धागा एवढ्यासाठीच काढत आहे.

आधी भाषेविषयी एक खुलासा करतो. स्कॉट्स आणि स्कॉटिश गेलिक या दोन वेगळ्या भाषा आहेत. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. स्कॉट्स ही जर्मॅनिक कुळातली असून नॉर्दम्ब्रियाच्या जुन्या इंग्रजीपासून उतरली आहे आणि सखल प्रदेशात, ईशान्येकडील ॲबरडीनच्या परिसरात, ऑर्कनी व शेटलंड बेटांवर आणि समुद्रापलीकडे आयर्लंडमधील अल्स्टरमध्ये बोलली जाते. इंग्रजीशी तिचे नाते इतके जवळचे आहे की अनेकांनी तिला इंग्रजीची बिघडलेली बोली मानले, आणि त्याचा परिणाम ‘कॅन्टी’सारख्या शब्दांच्या नशिबावर झाला.

आता उदाहरणे. रॉबर्ट फर्ग्युसन हा एडिंबरामध्ये सरकारी कचेरीत कागदपत्रांच्या नकला करून पोट भरणारा कवी. २ जानेवारी १७७२ रोजी एका साप्ताहिकात त्याची नाताळ ते नववर्ष या काळातील धमालीवरची कविता प्रसिद्ध झाली. तिच्यात तो आपल्या शहराला ‘ऑल्ड रीकी’, म्हणजे ‘जुनी धुरकट’, या लाडक्या नावाने हाक मारतो आणि म्हणतो, ‘दाउ’र्ट द कॅन्टी होल’. भव्य नगरी, राजधानी, विद्येचे माहेरघर असे काही न म्हणता तो शहराला ‘होल’ म्हणतो, म्हणजे ढोली किंवा बीळ. आणि त्या बिळाला विशेषण लावतो ‘कॅन्टी’. पुढच्याच ओळीत कारण येते: कुडकुडणाऱ्या कितीतरी जीवांचा हा आसरा आहे, ते इथे शेकोटीजवळ ऊब घेत पहुडतात आणि पेला हातोहात फिरवतात. उंच, दाटीवाटीच्या, धुराने काळवंडलेल्या इमारतींचे ते शहर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘बीळ’ किती नेमके आहे हे सांगायला नको. फर्ग्युसन १७७४ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता. त्याच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो १७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्सने स्वतःच्या खर्चाने बसवायला सांगितला.

त्या बर्न्सकडे आता येतो, कारण या शब्दाला खरी ओळख त्यानेच दिली. १७८६ मध्ये किल्मार्नक या गावी त्याचा पहिला संग्रह छापला गेला, प्रती ६१२. त्यातील पहिलीच कविता दोन कुत्र्यांच्या संवादाची आहे. सीझर हा जमीनदाराचा, परदेशातून आणलेला ऐटबाज कुत्रा, आणि लूअथ हा एका नांगऱ्याचा मेंढपाळी कुत्रा. सीझर विचारतो, की गरिबांचे आयुष्य इतके हालाचे असताना ते जगतात तरी कसे? लूअथ जे उत्तर देतो त्यात नववर्षाच्या दिवसाचे वर्णन आहे. बाहेर गोठवणारा वारा आहे म्हणून दाराला अडसर घातला आहे, जवाच्या बिअरला फेस चढला आहे, पेटलेली चिलीम आणि तपकिरीची डबी हातोहात फिरते आहे, ‘कॅन्टी ऑल्ड फोक’, म्हणजे म्हातारी मंडळी, जोरजोरात गप्पा मारीत आहेत, पोरेटोरे घरभर धुडगूस घालीत आहेत. आणि हे सगळे पाहून आपल्याला इतके भरून आले, की आनंदाने आपणही त्यांच्याबरोबर भुंकलो, असे लूअथ सांगतो. या दृश्यात तरुण धुडगूस घालतात आणि म्हातारे कॅन्टी असतात. विशेषण कोणाच्या वाट्याला आले आहे ते पाहावे.

त्यानंतरचे उदाहरण १७९० मध्ये छापलेल्या गाण्यातील आहे, ज्यात एक वृद्ध स्त्री आपल्या नवऱ्याला, जॉन अँडरसनला, उद्देशून बोलते. आपण दोघे मिळून डोंगर चढलो, ‘अँड मोनी अ कॅन्टी डे, जॉन’, असे कितीतरी कॅन्टी दिवस आपण एकमेकांच्या सोबतीने काढले, आता लटपटत खाली उतरायचे आहे, पण हातात हात धरून. या चालीवर आधी एक चावट गाणे प्रचलित होते, ज्यात बायको नवऱ्याच्या उतरलेल्या पौरुषाबद्दल तक्रार करते. बर्न्सने तीच माणसे घेतली, तीच हाक ठेवली आणि तक्रारीच्या जागी आठवण आणली. ‘सुखाचे दिवस’ म्हटले असते तरी चालले असते, पण सुख भोगले जाते. कॅन्टी दिवस दोघांनी मिळून साजरे केलेले असतात.

या शब्दाविषयी जाणकारांची मते, विरोधी असली तरी, अवश्य यावीत.

लेखनवही

उत्तरवारा, लेख अतिशय आवडला. दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की हा शब्द लॅटिनमधील ‘गाणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असावा काय? इंग्रजीतील ‘कॅन्ट’, म्हणजे ढोंगी किंवा टोळीपुरती मर्यादित भाषा, हा शब्द त्याच धातूपासून आल्याचे वाचले होते. गाणे आणि उल्हास यांचे नाते स्वाभाविक असल्यामुळे ही शंका येते. दुसरा प्रश्न, लूअथच्या भाषणात म्हाताऱ्यांच्या गप्पांसाठी जो ‘क्रूस’ हा शब्द मुळात आहे, त्याचा आणि कॅन्टीचा काही संबंध आहे काय?

उत्तरवारा

लेखनवही, आभार. ढोंगी भाषेचा ‘कॅन्ट’ लॅटिनमधून आला हे खरे आहे, पण आपला शब्द त्या घरचा नव्हे. जुन्या स्कॉट्समध्ये आणि उत्तर इंग्लंडच्या मध्ययुगीन भाषेत ‘कॅन्ट’ असे स्वतंत्र विशेषण होते, ज्याचा अर्थ ‘धीट, तडफदार, चपळ’ असा होता. त्यालाच शेवटी ‘ई’ जोडून ‘कॅन्टी’ झाले. कोशकार त्याची तुलना उत्तर जर्मनीकडील सखल जर्मन भाषेतील ‘कान्टिग’ या शब्दाशी करतात. गाण्याशी व्युत्पत्तीचे नाते नसले तरी पुढे गाण्यांनीच हा शब्द जपला, हे मात्र आपल्या शंकेच्या बाजूने सांगता येईल. उत्तर इंग्लंडच्या बोलींतही तो होता. जोसेफ राइटच्या १८९८ ते १९०५ या काळात प्रसिद्ध झालेल्या बोलीकोशात त्याची नोंद आहे.

‘क्रूस’ म्हणजे आत्मविश्वासाने फुललेला, छाती पुढे काढलेला. कोंबडा आपल्या उकिरड्यावर नेहमीच क्रूस असतो, अशी स्कॉट्स म्हण आहे. आपल्याकडे गल्लीतल्या वाघाबद्दल जे म्हटले जाते तेच. कॅन्टी आणि क्रूस ही जोडी स्कॉट्समध्ये वारंवार एकत्र येते, परंतु क्रूसमध्ये थोडी मिजास चालते, कॅन्टीमध्ये चालत नाही. दोन कुत्र्यांच्या कवितेत म्हातारे कॅन्टी आहेत आणि त्यांच्या गप्पा क्रूस आहेत. स्वभाव एक आणि बोलण्याचा आवेश दुसरा, अशी ती वाटणी आहे. गप्पा मारण्यासाठी तेथे आलेले ‘क्रॅक’ हे क्रियापदही स्कॉट्सच आहे.

सह्यकडा

लेखातील मांडणी सुंदर आहे, परंतु ‘बेताच्या ऐपतीचा उल्हास’ हा निष्कर्ष मला ओढूनताणून काढलेला वाटतो. आपण फर्ग्युसनपासून सुरुवात केली, म्हणून तो तसा दिसतो. त्याच्या आधी पन्नास वर्षे मागे जाऊ. १७१९ मध्ये गिल्बर्टफील्डच्या विल्यम हॅमिल्टनने कवी ॲलन रॅमसेला एक पद्यपत्र पाठवले. त्यात तो रॅमसेला ‘कॅन्टी कॅलन’ म्हणजे ‘कॅन्टी गडी’ असे संबोधतो आणि पुढे म्हणतो, की कोणीही डोंगरी वा सखल भागातला मनुष्य कवितेत तुझी बरोबरी करण्यापेक्षा टँटॅलनचा किल्ला पाडून दाखवणे सोपे. हा किल्ला ईस्ट लोदियनमध्ये समुद्रकड्यावर उभा आहे आणि तो पाडणे ही अशक्य गोष्टीची म्हणच होऊन बसली होती. रॅमसे तेव्हा एडिंबरामध्ये कृत्रिम केसांच्या टोपांचा व्यावसायिक होता, मुळीच गांजलेला नव्हता, म्हातारा तर नव्हताच. येथे कॅन्टीचा अर्थ सरळ ‘तल्लख, खेळकर, चैतन्याने भरलेला’ असा आहे, आणि जुन्या ‘कॅन्ट’मधील धीटपणा त्यात अजून शिल्लक आहे. शेकोटी, ऊब, म्हातारपण हे सारे नंतर दोन-तीन मोठ्या कवींनी त्यात घातले. एका शब्दाचा स्वभाव ठरवताना त्याचे थोरले वापरच प्रमाण मानावेत काय?

उत्तरवारा

सह्यकडा, हॅमिल्टनचे उदाहरण आपण आणले हे फार चांगले झाले, कारण या शब्दाचा प्रवास त्यावाचून नीट दिसत नाही. मध्ययुगात धीट, १७१९ मध्ये खेळकर, १७७२ मध्ये उबदार आणि १७९० मध्ये आठवणीतला, अशा पायऱ्या दिसतात. त्यामुळे माझा मुद्दा मला अधिकच भक्कम वाटतो. जुन्या अर्थातील धीटपणा पुढे नाहीसा झाला असता तर कॅन्टी केवळ ‘समाधानी’ होऊन बसला असता, आणि तसे झालेले नाही. वारा दाराशी असताना गप्पा रंगवणारे म्हातारे धीटच आहेत. थोरल्या वापरांबद्दल म्हणाल, तर लोकांनी पाठ केले ते थोरले वापरच, आणि पाठ केलेल्या ओळींतून शब्द पुढच्या पिढीला मिळाला.

हॅमिल्टनच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. दोन कवी एकमेकांना पद्यातून पत्रे लिहितात, एकमेकांची थोरवी गातात, आणि तेही अशा काळात जेव्हा स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉट्समध्ये लिहिणे ही प्रतिष्ठेची गोष्ट राहिली नव्हती. तेथेही कॅन्टी हा सोबतीचाच शब्द आहे. एकट्याने कॅन्टी असल्याचे उदाहरण शोधून पाहावे. ते फार कष्टाने सापडेल असे मला वाटते.

शरयू_उत्तरेकडून

मी ॲबरडीनमध्ये राहते, म्हणून ऋतूविषयी थोडी भर घालते, कारण उत्तरवारा यांनी शेकोटीचा उल्लेख केला तरी शेकोटी का लागते ते सांगितलेले नाही. एडिंबरा जवळजवळ ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेथे दिवस सुमारे सात तासांचा असतो. आम्हा ॲबरडीनकरांना तेवढेही ऊन मिळत नाही. ढगाळ, ओलसर, रेंगाळणाऱ्या हवेला येथे ‘ड्रीख’ म्हणतात, आणि हा शब्द आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे. लांबलेल्या प्रवचनालाही तो लागू पडतो. कॅन्टीची खरी ओळख मला ड्रीखच्या शेजारी ठेवल्यावर पटली.

दुसरी बाब नववर्षाची. दोन कुत्र्यांच्या कवितेत आणि फर्ग्युसनच्या कवितेतही आनंदाचा दिवस नववर्षाच्या आसपासचा आहे, हा योगायोग नव्हे. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चला नाताळचा उत्सव मान्य नव्हता. १६४० मध्ये संसदेने नाताळची सुटी कायद्याने बंद केली, आणि नाताळ येथे सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो थेट १९५८ मध्ये. साहजिकच हिवाळ्यातील सारी मौज वर्षाच्या अखेरच्या रात्री, ‘हॉगमनी’ला, गोळा झाली. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडून पहिला येणारा पाहुणा काळ्या केसांचा पुरुष असावा, त्याने कोळसा, शॉर्टब्रेड, सुक्या मेव्याचा काळा केक किंवा व्हिस्की आणावी, म्हणजे वर्षभर घरात ऊब आणि अन्न राहते, असा समज आहे. पाहुण्याने कोळसा आणायचा, ही प्रथाच कॅन्टी शब्दाचे स्पष्टीकरण आहे असे मला वाटते. एकाच्या घरची ऊब दुसरा घेऊन येतो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. आमच्या भागातील स्कॉट्सला ‘डॉरिक’ म्हणतात. येथे इंग्रजीत ‘wh’ने सुरू होणाऱ्या प्रश्नार्थक शब्दांच्या आरंभी ‘फ’ येतो आणि ‘कसे आहात’ या अर्थी ‘फिट लाइक?’ असे विचारतात. माझ्या शेजारच्या वृद्ध मंडळींकडून ‘कूथी’, म्हणजे आपुलकीचा, घरगुती, हा शब्द मी नेहमी ऐकते. कॅन्टी मात्र त्यांच्या बोलण्यात क्वचित येतो. आला तर बहुधा गाण्याच्या ओळीसकट येतो.

मोडीवाचक

या चर्चेत एक अस्वस्थ करणारा प्रश्न मांडल्याशिवाय राहवत नाही. गरीब माणसे थोडक्यात किती आनंदी असतात, हे ऐकायला श्रीमंतांना नेहमीच आवडते. डिसेंबर १७८६ मध्ये एडिंबरामधील प्रतिष्ठित लेखक हेन्री मॅकेन्झीने बर्न्सची स्तुती करताना त्याला ‘स्वर्गाने शिकवलेला नांगऱ्या’ म्हटले, आणि उच्चभ्रू दिवाणखान्यांनी ते चित्र मोठ्या हौसेने उचलून धरले. प्रत्यक्षात बर्न्सच्या वडिलांनी मुलांसाठी मास्तर ठेवला होता आणि बर्न्सने फर्ग्युसन, रॅमसे, इंग्रज कवी पोप असे सारे वाचलेले होते. कॅन्टी म्हातारे, फेसाळती बिअर आणि आनंदाने भुंकणारा कुत्रा हे दृश्य त्याच दिवाणखान्यांसाठी सजवलेले नाही काय? कुळांना ‘तुम्ही कसे मजेत आहात’ असे सांगणे ही त्यांचे तोंड बंद करण्याची जुनी रीत आहे. कॅन्टी या शब्दावर इतके प्रेम करण्याआधी हे तपासले पाहिजे.

उत्तरवारा

मोडीवाचक, हा या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्याचे उत्तर त्याच कवितेत आहे, पण ते पाहायला कॅन्टी ओळींच्या मागचे आणि पुढचे वाचावे लागते. शाळांच्या पुस्तकांत आणि कार्यक्रमांत मधलाच भाग उचलला जातो, त्यामुळे आपण म्हणता तसा समज होणे स्वाभाविक आहे.

मागे काय आहे? सीझर, म्हणजे श्रीमंताचा कुत्रा, खंडवसुलीच्या दिवसाचे वर्णन करतो. हातात पैसा नसलेली कुळे कारभाऱ्यापुढे उभी आहेत. तो पाय आपटतो, शिव्या देतो, अटकेची धमकी देतो, चीजवस्तू जप्त करतो. आणि कुळांनी मान खाली घालून सारे ऐकायचे, थरथरायचे. सोसण्यासाठी येथे ‘थोल’ हा स्कॉट्स शब्द आला आहे, जो आजही जिवंत आहे. हे पाहून सीझरच म्हणतो, की गरीब असणे म्हणजे नक्कीच हाल असणार. त्याला उत्तर म्हणून लूअथ कॅन्टी दृश्य सांगतो.

पुढे काय आहे? आनंदाने भुंकलो हे सांगून होताच, त्याच दमात, लूअथ म्हणतो की तू म्हणालास ते मात्र अगदी खरे आहे, असा खेळ हल्ली फार वेळा खेळला जातो. किती तरी प्रामाणिक, अब्रूदार घराणी मुळापासून आणि फांदीसकट उपटून बाहेर फेकली जातात, आणि तीही एखाद्या लुच्च्याचा गर्व आणि हाव भागवण्यासाठी. म्हणजे ज्या दाराला वाऱ्यासाठी अडसर लावला होता, त्याच दारातून या माणसांना बेदखल केले जाणार आहे. बर्न्सने या दोन गोष्टींमध्ये एक ओळसुद्धा रिकामी सोडलेली नाही. एखाद्या दिवाणखान्याला खूष करायचे असते तर तो भुंकण्यापाशी थांबला असता.

हे त्याच्या स्वतःच्या घरचे होते. त्याच्या कुटुंबाने १७६६ ते १७७७ या काळात माउंट ऑलिफंटची जमीन खंडाने केली. तेथील कारभाऱ्याची धमकीची पत्रे आली की घरातील सर्वांना रडू फुटत असे, असे त्याने १७८७ मध्ये डॉक्टर जॉन मूर यांना लिहिलेल्या दीर्घ आत्मकथनपर पत्रात सांगितले आहे, आणि दोन कुत्र्यांच्या कवितेतील कारभारी त्यावरूनच काढल्याचे तेथेच कबूल केले आहे. पुढे लॉखलीच्या शेतावर मालकाशी कज्जा लढता लढता वडील खचले आणि फेब्रुवारी १७८४ मध्ये वारले. लूअथ हे बर्न्सच्या खऱ्या कुत्र्याचे नाव होते. भाऊ गिल्बर्टने लिहून ठेवले आहे, की वडील गेले त्याच्या आदल्या रात्री कोणीतरी त्या कुत्र्याला क्रूरपणे मारले. त्या घराचे कॅन्टी दिवस ज्याच्या तोंडून सांगितले आहेत, तो त्या घराबरोबर संपलेला कुत्रा आहे, हे कळल्यावर मला तरी त्या ओळींत सजावट दिसत नाही.

आणखी एक पुरावा त्याच दृश्याच्या अलीकडे आहे. ही माणसे दोन घोट पोटात गेले की आपल्या लहानसहान चिंता बाजूला ठेवतात, आणि बोलायला काय घेतात, तर चर्चमधील नेमणुका, नवे कर आणि लंडनमधील लोकांचे कारभार. म्हणून कॅन्टीसाठी मराठीत ‘खुशालचेंडू’ हा शब्द कोणी सुचवला तर मी तो स्वीकारणार नाही. खुशालचेंडूला काळजीच नसते. कॅन्टी माणसाला काळजी पुरेपूर ठाऊक असते.

मोडीवाचक

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. कवितेतील पुढचा भाग मी या दृष्टीने वाचला नव्हता. तरीही माझा आक्षेप शब्दाच्या नंतरच्या आयुष्याला लागू राहतो. २५ जानेवारीला, बर्न्सच्या वाढदिवशी, जगभर जे भोजनसमारंभ होतात, त्यांत बेदखल झालेली कुळे कितीशी आठवली जातात? पहिला समारंभ जुलै १८०१ मध्ये अलोवे येथील त्याच्या जन्मघरी मूठभर मित्रांनी केला होता. तेव्हापासून शब्द टिकला, पण त्याच्या भोवतीचे दुःख गळून गेले, असे मला वाटते.

पैलतीर

मोडीवाचक यांच्या या मुद्द्याला भाषेच्या बाजूने एक जोड द्यावीशी वाटते. शब्दाभोवतीचा संदर्भ गळून पडला, कारण त्याची भाषाच शिक्षित वर्गाने दूर सारली होती. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये टाळावयाच्या ‘स्कॉटिश’ प्रयोगांची यादी छापली. ॲबरडीनचे प्राध्यापक जेम्स बीटी यांनी अशाच प्रयोगांची वर्णानुक्रमे लावलेली पुस्तिका १७८७ मध्ये एडिंबरामध्ये काढली. त्याच शहरात, त्याच वर्षी, बर्न्सच्या कवितांची वाढवलेली आवृत्ती निघाली. एकाच गावात एक पुस्तक हे शब्द गाळायला सांगत होते आणि दुसरे त्यांचे अर्थ देऊन ते छापत होते. बर्न्सने आपल्या संग्रहाला शब्दार्थांची सूची जोडली होती ती याच परिस्थितीमुळे. ती सूची परक्यांइतकीच घरच्या सुशिक्षितांसाठीही होती.

पुढे जॉन जेमिसन या धर्मोपदेशकाने १८०८ मध्ये स्कॉटिश भाषेचा व्युत्पत्तिकोश दोन खंडांत प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात दोन महाकोश उभे राहिले. एक १७०० नंतरच्या भाषेचा, दहा खंडांचा, १९३१ ते १९७६ या काळात पूर्ण झालेला; दुसरा त्याआधीच्या भाषेचा, बारा खंडांचा, ज्याला २००२ साल उजाडले. धीट अर्थाचा ‘कॅन्ट’ एका कोशात आणि उल्हासाचा ‘कॅन्टी’ दुसऱ्यात, अशी या शब्दाची दोन घरे आहेत. आता दोन्ही कोश संगणकावर एकत्र आणि विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे सह्यकडा आणि उत्तरवारा यांच्यातील मतभेद कोणालाही अवतरणे समोर ठेवून स्वतः तपासता येईल.

२०११ च्या जनगणनेत स्कॉट्सविषयी प्रथमच प्रश्न विचारला गेला आणि १५ लाखांहून अधिक लोकांनी आपण ही भाषा बोलतो असे नोंदवले. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. ह्यूमच्या यादीपासून येथवर पावणेतीनशे वर्षे लागली.

लेखनवही

शरयूताईंनी सांगितले की हा शब्द गाण्याच्या ओळीसकट येतो. ती ओळ कोणती असते, आणि उत्तरवारा यांच्या मांडणीत ती बसते काय, हे कोणी सांगेल का?

शरयू_उत्तरेकडून

लेखनवही, बहुतेक वेळा ‘कन्टेंटेड वि लिटल अँड कॅन्टी वि मेअर’ ही ओळ असते, म्हणजे ‘थोडक्यात समाधानी आणि अधिक मिळाले तर कॅन्टी’. मात्र ही ओळ मला उत्तरवारा यांच्या विरुद्ध जाणारी वाटते. थोडक्यात असताना नुसते समाधान आणि थोडे अधिक मिळाल्यावर कॅन्टी, असा तिचा सरळ अर्थ होतो. मग बेताच्या ऐपतीचा उल्हास कुठे राहिला?

उत्तरवारा

शरयूताई, ही ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिच्याबद्दल सावकाश लिहायचे होते. ‘अधिक’ म्हणजे किती, हे गाण्यातच पुढे आले आहे: दुःख आणि चिंता सरपटत जवळ आल्या, की चांगल्या बिअरचा एक लाकडी पेला आणि एक जुने स्कॉटिश गाणे यांनी आपण त्यांना एक चपराक देतो. एक पेला आणि एक गाणे, एवढेच ते ‘अधिक’ आहे. समाधान आणि कॅन्टी यांत बर्न्सने पायरी केली आहे हे आपले म्हणणे मान्य आहे, परंतु ती पायरी संपत्तीची नाही. चपराक देण्याइतके अंगात बळ येणे, ही ती पायरी आहे. धीट अर्थाचा जुना ‘कॅन्ट’ येथे पुन्हा वर येतो, आणि म्हणूनच सह्यकडा यांचे उदाहरण मला आपल्या बाजूचे वाटले होते.

हे गाणे नोव्हेंबर १७९४ चे आहे. तेव्हा बर्न्स डम्फ्रीसमध्ये अबकारी खात्यात नोकरीला होता, मुलेबाळे बरीच होती, पगार बेताचा होता आणि प्रकृती ढासळू लागली होती. पुढच्या वर्षी संपादक जॉर्ज थॉमसनला लिहिलेल्या पत्रात तो सुचवतो, की आपले एक छोटे चित्र या गाण्याच्या आधी छापावे, म्हणजे आपल्या चेहऱ्याची तसबीर आणि आपल्या मनाची तसबीर काळाच्या प्रवाहात बरोबर वाहत जातील. शेकडो गाणी लिहिणाऱ्या माणसाने आपल्या मनाची तसबीर म्हणून हे गाणे निवडले.

सह्यकडा

या गाण्याच्या चालीबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण बर्न्स आधी चाल घेत असे आणि नंतर शब्द. चाल स्वतः गुणगुणून पूर्ण आत्मसात झाल्याखेरीज आपल्याला तिच्यासाठी रचना करता येत नाही, असे त्याने थॉमसनलाच १७९३ मध्ये कळवले होते. ‘कन्टेंटेड वि लिटल’ची चाल ‘लम्प्स ओ पुडिंग’ या नावाची आहे. ती त्याच्या कितीतरी आधीची, नाचाची चाल. १७२८ मध्ये लंडनमध्ये गाजलेल्या ‘द बेगर्स ऑपेरा’ या संगीतिकेचा शेवटही याच चालीवर होतो, जेथे सारे पात्रमंडळ नाचते. म्हणजे समाधानाचे हे गाणे संथपणे, डोळे मिटून म्हणण्याचे नव्हे. ते गाताना पाय हलले पाहिजेत.

जॉन अँडरसनच्या गाण्याची चाल याच्या अगदी उलट, संथ आणि खालच्या सुरात जाणारी आहे. एकच शब्द बर्न्सने एकदा नाचाच्या चालीत आणि एकदा उतरत्या चालीत बसवला. उत्तरवारा यांचा ‘बेताची ऐपत’ हा आग्रह मला अजूनही पूर्ण मान्य नाही, परंतु कॅन्टीतील सोबतीचा मुद्दा मी आता मान्य करतो, कारण नाच आणि हातात हात धरून उतरणे, या दोन्ही गोष्टींना दुसरे माणूस लागते. ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांनी दोन्ही गाणी एखाद्या स्कॉट्स गायकाच्या आवाजात लागोपाठ ऐकावीत, आणि आधी नाचाची चाल ऐकावी.